घर बदलले आणि कुत्रा भुंकू लागला

समजा, लोणी भापकरच्या गावठाणात राहणारे एक कुटुंब मळ्यात बांधलेल्या नव्या घरी राहायला गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा मोतीही गेला. गावात असताना मोती क्वचितच भुंकत असे. मळ्यात आल्यापासून मात्र मोटारसायकल गेली की तो भुंकतो. रात्री वीज येऊन विहिरीवरचा पंप सुरू झाला की भुंकतो. घरातली माणसे बाहेर पडली की मग तर विचारूच नका! शेजारच्या वस्तीवरून तक्रारी येऊ लागतात. घरात कोणी म्हणते, “काठी घ्या.” कोणी म्हणते, “लांब नेऊन सोडून या.”

मोतीचे पुढे काय होणार, हे एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. तो भुंकतो कशासाठी?

भुंकण्याचे प्रकार

कुत्र्याचे पूर्वज लांडगे. सुप्याच्या माळरानावर आजही लांडगे आहेत. लांडगा प्रामुख्याने केकाटतो, गुरगुरतो, लांब सूर काढून ओरडतो. भुंकतो मात्र फार थोडा. कुत्रा हजारो वर्षे माणसाजवळ राहिला आणि त्याचे भुंकणे वाढले. हंगेरीतील बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्रसंगी भुंकणाऱ्या कुत्र्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो आहे की एकटा पडल्यामुळे भुंकतो आहे, हे लोकांना नुसत्या आवाजावरून बऱ्याच वेळा ओळखता येते. खालच्या पट्टीतले भराभर भुंकणे लोकांना रागाचे वाटले.

म्हणजे भुंकणे ही खोडी नव्हे. त्यात काही सांगणे असते. ते काय आहे हे कळले, तरच त्यावर उपाय सापडतो.

कुत्र्याचे घर कशाचे बनते?

आपले घर भिंतींचे असते. कुत्र्याचे घर वासांचे आणि आवाजांचे असते. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात १० कोटींहून अधिक. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा.

आता तुम्ही एक अनुभव घेऊन पाहा. टिकटिक करणाऱ्या घड्याळाजवळ अभ्यासाला बसा. थोड्या वेळाने टिकटिक ऐकू येईनाशी होते. कान बिघडलेला नसतो. पण या आवाजात नवीन काही नाही, धोकाही नाही, हे मेंदूने ओळखलेले असते. याला सरावणे म्हणतात. गावठाणातली देवळातली घंटा, एस.टी.चा भोंगा, शाळा सुटल्याचा गलका यांना मोती असाच सरावला होता. मळ्यात आल्यावर ती सारी ओळख निरुपयोगी झाली. इथला प्रत्येक आवाज नवा, म्हणून प्रत्येक आवाजावर इशारा!

रोज घर बदलणारा कुत्रा

येथे एक शंका येईल. बारामती-फलटणच्या जिराईत भागातील काही मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. आज एका शिवारात मुक्काम, तर दोन दिवसांनी दुसऱ्या. वाड्याबरोबर कुत्रीही असतात. त्यांचे घर तर सतत बदलते. मग ती दिवसरात्र भुंकत का राहत नाहीत?

कारण त्यांची जागा बदलते, पण घर बदलत नाही. तीच माणसे, त्याच मेंढ्या, तोच घोडा, मेंढ्यांभोवती लावलेली तीच जाळी आणि ठरलेले काम. रात्री लांडगा किंवा चोर आला, तर ती भुंकतातच. ते तर त्यांचे कामच आहे. परंतु नवी जागा म्हणजेच धोका, असे त्यांना वाटत नाही. जन्मापासून त्यांना जागा बदलण्याची सवय असते. मोतीच्या बाबतीत जागा बदलली, दिनक्रम बदलला, आणि मळ्यातल्या कामाच्या गडबडीत माणसेही त्याच्यापासून दूर राहू लागली. वर गळ्यात साखळी पडली!

नकळत दिलेले बक्षीस

१८९८ साली अमेरिकेतील थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग केले. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, असे त्याला आढळले. मोती मोटारसायकलवर भुंकतो आणि मोटारसायकल निघून जाते. ती जाणारच होती. पण मोतीच्या हिशेबी त्यानेच तिला पळवले. तो भुंकला म्हणून कोणी भाकरीचा तुकडा टाकला, तर तेही बक्षीसच. आपण आतून ओरडलो, तर घरचे लोकही आपल्याबरोबर भुंकत आहेत असे त्याला वाटू शकते. काठीने मारले, तर नव्या जागेच्या भीतीत आणखी एका भीतीची भर पडते.

मग करावे काय?

१. ओळखीचे वास परत द्यावेत. जुने पोते न धुता अंथरावे. भांडे तेच ठेवावे. जेवणाची आणि फिरण्याची वेळ रोज एकच असावी.

२. कारण दूर करावे. फाटकातून रस्ता दिसत असेल, तर त्यावर गोणपाट लावावे किंवा कुत्र्याची जागा घराच्या मागच्या बाजूला करावी.

३. नव्या आवाजाशी मैत्री करून द्यावी. रशियातील पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ठरावीक आवाजानंतर नेहमी अन्न दिले, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. तेच येथे वापरावे. मोटारसायकल दूर असताना, मोती कान टवकारतो पण अजून भुंकलेला नाही, अशा वेळी त्याला भाकरीचा तुकडा द्यावा. काही दिवसांनी अंतर कमी करावे. तो भुंकू लागला, तर आपण घाई केली असे समजून पुन्हा मागे जावे.

४. शांत राहण्याला बक्षीस द्यावे. तो गप्प झाला की तीन सेकंद थांबून शाबासकी द्यावी; मग पाच सेकंद, मग दहा.

५. एकटे राहणे शिकवावे. प्रथम एक मिनिट बाहेर जाऊन परत यावे, मग दोन मिनिटे, मग पाच.

६. रोज भरपूर फिरवावे. कुत्र्याला फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भुंकून मिळणारा तुकडा बंद झाला, की पहिले काही दिवस भुंकणे वाढते. त्या वेळी कंटाळून एकदा जरी तुकडा दिला, तरी ‘जास्त भुंकले की मिळते’ हाच धडा कुत्रा शिकतो. म्हणून घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळावा.

आवाज एकाएकी बदलला, खाणेपिणे सुटले किंवा म्हातारा कुत्रा रात्री उगाच भुंकू लागला, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. कुत्र्याचा आवाज घोगरा होऊन वागणे विचित्र झाले, तर त्याच्याजवळ जाऊ नका. तो पिसाळलेला असू शकतो. कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. वरील उपाय स्वतःच्या घरच्या कुत्र्यावरच आणि मोठ्या माणसांबरोबर करावेत.

करून पाहा

वहीत चार रकाने आखा : वेळ, भुंकण्याआधी काय घडले, किती मिनिटे भुंकला, कशाने थांबला. सात दिवस नोंदी करा. नंतर त्यांचे गट पाडा : रस्त्यावरचे आवाज, अनोळखी माणूस, एकटेपणा, रात्र. कोणता गट मोठा आहे? त्या एकाच कारणावर एक उपाय निवडा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांच्या नोंदी घ्या. दोन्ही तक्त्यांतील मिनिटांची तुलना करा. ‘लांब नेऊन सोडा’ असे म्हणणाऱ्या मोठ्यांपुढे ही वही ठेवता येईल, कारण भुंकणे कमी झाले की नाही याचा पुरावा तिच्यात असेल.