वैतरणा आगबोट कुठे गेली?

वैतरणा नदीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मुंबईला तिचे पाणी जाते. त्याच नावाची एक आगबोट होती. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ही मोठी नवलाई. म्हणून गुजरातेतील लोक तिला ‘वीजळी’ म्हणत.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ही बोट कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी माणसे चढली. एकंदर सातशेहून जास्त माणसे झाली. पुढे समुद्र खवळला. बोट पोरबंदरला थांबली नाही, तशीच पुढे गेली. संध्याकाळी ती मांगरोळजवळ दिसली. मुंबईला मात्र पोहोचलीच नाही. एकही माणूस परतला नाही.

असे काही घडले, की कुणी म्हणतो, भुताने ओढली. कुणी म्हणतो, दर्याचा कोप झाला. आम्ही म्हणतो, बाबांनो, जरा थांबा. त्या रात्री वादळ होते. पुढे सरकारने चौकशी केली. तीत काय दिसले? जीव वाचवणाऱ्या होड्या पुरेशा नव्हत्या. तरंगायचे पट्टेही पुरेसे नव्हते. होड्या काही भुताने कमी ठेवल्या नव्हत्या! ती माणसांची चूक. शिवाय तेव्हा बिनतारी यंत्र नव्हते. बोटीने मदत मागावी तरी कशी?

आता अलीकडची गोष्ट. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एक विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. लोकांनी नाना तर्क केले. पण पुढच्या वर्षी त्याच्या पंखाचा तुकडा हिंदी महासागरातील रियुनियन बेटाला वाहत आला. म्हणजे विमान समुद्रातच पडले होते.

विहिरीत घागर पडली, तर वरून दिसत नाही. म्हणून ती भुताने नेली का? नाही. ती तळाशी असते. समुद्र तर विहिरीहून किती मोठा! वस्तू सापडली नाही, तरी कारण असतेच.

म्हणून होडीत बसताना आधी माणसे मोजा. गर्दी झाली असेल, तर खाली उतरा. पट्टा मागून घ्या. वादळाची सूचना असेल, तर निघू नका. एक दिवस उशीर झाला तर झाला. घरची माणसं वाट पाहत असतात.

प्रश्न : १. वैतरणेवर कशाची कमतरता होती? २. तुमच्या गावच्या होडीत किती माणसे बसवतात? पट्टे किती आहेत? मोजून लिहा.