बंद गाडीत बॅटरी कोण खातो?

पावसाळ्यात मालवणचा धंदा थंडावतो. किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तारकर्ली-देवबागचे पर्यटक कमी होतात आणि ज्या गाड्यांवर घर चालते त्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहतात. मोसम उघडला की पहिली तक्रार ठरलेली : "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसते, पैसे जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच रड.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे जीपमागे ओढायची, आत झोपायची सोय असलेली ट्रेलर-गाडी आता आपल्याकडच्या कारागिरांपुढेही येऊ शकते. आमच्याकडे आली ती तारकर्लीकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांची. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या त्यांनी बदलल्या होत्या. तिसरी दहा दिवसांत उतरली तेव्हा ते म्हणाले, "भाई, आता बॅटरी विकू नका, चोर शोधून द्या."

चोर शोधण्याआधी बॅटरी तपासावी. ती पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी व्होल्ट मोजावेत. साधी ॲसिडची 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवील. 12.2 म्हणजे निम्मी उरली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. काहीही न जोडता ठेवलेली बॅटरी एका रात्रीत एवढी उतरली, तर दोष बॅटरीचाच. (लिथियम बॅटरीला हे आकडे लावू नयेत, तिचे गणित निराळे.) या गृहस्थांची बॅटरी 12.6 वर टिकून राहिली. म्हणजे करंट गाडीतच कुठेतरी जात होता.

आता मीटर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडावे. लाल प्रोब 10 अँपिअरच्या वेगळ्या भोकात घालावा. पुष्कळ नवशिके तो व्होल्टच्या भोकातच ठेवतात आणि "काहीच करंट नाही" म्हणून मोकळे होतात. छतावर सोलर पॅनेल असेल तर आधी पॅनेलची वायर काढावी, मगच बॅटरीला हात लावावा. पॅनेल जोडलेले राहिले तर उन्हात उलटसुलट आकडे दिसतात. हीच तपासणी जीप-टेम्पोवर करताना मीटर जोडलेले असेपर्यंत सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. नव्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपी जायला वेळ घेतात, तेव्हा दरवाजे बंद करून निदान अर्धा तास थांबावे. दरवाजा उघडा ठेवणे भागच असेल तर त्याचे लॅच आणि दिव्याचे बटण दाबून ठेवावे.

आम्ही सगळे दिवे बंद केले, पंप बंद केला, तरी मीटर 0.42 अँपिअर दाखवत होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याला 24 तासांनी गुणा. रोजचे दहा अँपिअर-तास झाले. शंभरची बॅटरी दहा दिवसांत रिकामी! गृहस्थांचे दहा दिवस आणि हा हिशोब अगदी जुळला.

मग एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा कितीने पडतो ते कागदावर लिहायचे. एका फ्यूजला 0.08 पडले, तो गॅसगळतीचा अलार्म निघाला. दुसऱ्याला 0.04, टेप आणि मोबाईल चार्जिंगचा पॉइंट मिळून. बाकीच्या फ्यूजांना काहीच नाही. सगळे फ्यूज हातात आले तरी मीटरवर 0.30 शिल्लकच!

इथे पुष्कळ जण हात टेकतात आणि बॅटरीला दोष देतात. वास्तविक ही खूण उपयोगाची आहे. जे फ्यूज काढूनही जात नाही, ते फ्यूज बॉक्समधून गेलेलेच नाही. तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर किती वायरी चढल्या आहेत त्या मोजाव्यात. इथे एक जादा जाड वायर होती. ती धरत गेलो तो पलंगाखालच्या खोक्यात इन्व्हर्टर, आणि त्याचे बटण चालू. स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या प्लगला काही लावलेले नसले तरी इन्व्हर्टर स्वतः करंट पीत बसतो. मालकांना त्याचे बटण कुठे आहे हेच ठाऊक नव्हते. जीपमध्ये अशा वेळी अल्टरनेटरचा डायोडही तपासावा आणि मागाहून चढवलेली ॲम्प्लिफायर, जीपीएस यंत्रे पाहावीत.

किनाऱ्यावर आणखी एक चोर आहे, तो म्हणजे खारी हवा. बॅटरीच्या डोक्यावर मीठ, धूळ आणि ॲसिडचा ओलावा बसला की त्यातूनच करंट वाहतो. मीटर व्होल्टवर लावून काळा प्रोब निगेटिव्हला ठेवावा आणि लाल प्रोब बॅटरीच्या झाकणावरून फिरवावा. व्होल्ट दिसले तर झाकणे घट्ट बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने डोके धुवावे, पुसून कोरडे करावे, टर्मिनलला व्हॅसलीन लावावे.

इन्व्हर्टर बंद केल्यावर 0.12 उरले. मालक खूश झाले, पण आम्ही त्यांना हिशोब दाखवला. गॅसचा अलार्म सोडला तरी नुसते 0.04 अँपिअर जून-जुलैच्या 61 दिवसांत 58 अँपिअर-तासांहून अधिक खाते. ॲसिडची बॅटरी अशी अर्धी उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते आणि ती खरोखरच मरते. म्हणून निगेटिव्हवर मेन स्विच बसवला. इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायरही त्याच स्विचच्या पलीकडे घेतली, नाहीतर स्विच असून नसल्यासारखा. गॅसचा अलार्म मात्र गाडीत माणूस झोपत असेल तोवर कधीही बंद करू नये. गाडी उभी करताना सिलिंडर काढून बाहेर ठेवला, मगच मेन स्विच बंद करायचा, असे मालकांना बजावून सांगितले. उभ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायची हेही कागदावर लिहून दिले.

बिल झाले दोन तासांची मजुरी आणि स्विचची किंमत. बॅटरी विकली असती तर त्या दिवशी जास्त सुटले असते हे खरे. पण फ्यूजचा आणि आकड्यांचा तो कागद मालकांनी गाडीत चिकटवून ठेवला आणि दुसऱ्या महिन्यात शेजारच्या दोघांच्या गाड्या आमच्याकडे पाठवल्या.

त्यांतल्या एका ट्रेलरने आम्हाला पुरते चकवले. मीटरवर काही नाही, तरी बॅटरी उतरायची. शेवटी मालकच म्हणाले, रात्री कसलीशी घरघर ऐकू येते. मोरीचा नळ थेंबथेंब गळत होता. दाब कमी झाला की पाण्याचा पंप आपोआप चालू व्हायचा आणि थोड्या वेळाने बंद पडायचा. चार आण्यांच्या वॉशरचे काम, आणि आम्ही अख्खी दुपार वायरी उचकटत बसलो होतो.