गुणपत्रिका आणि सातबारा

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला स्कॉलरशिप म्हटलं की चौथी-सातवीची परीक्षा आठवते. (मधली काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती.) सकाळचे जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तकं, गुणवत्ता यादीत नाव, आणि मग वह्यापुस्तकांनाही धड न पुरणारी रक्कम. त्या परीक्षेनं आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसवून ठेवलंय: गुण जास्त, म्हणून पैसे. पुढे मुलीनं बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं म्हटलं की आईवडील तेच समीकरण खिशात घालून बाहेर पडतात, आणि माझ्या मते बहुतेक घरांचा घात इथेच होतो. तिथल्या चार वर्षांच्या पदवीसाठी परदेशी विद्यार्थ्याला फी, राहणं, जेवण असं सगळं धरून जी मदत मिळते, ती बहुतेक वेळा गुणांचं बक्षीस नसतेच. कॉलेजचा खर्च आणि घरची ऐपत यांत जी तूट पडते, ती कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून भरतं. गुण लागतात ते प्रवेश मिळण्यासाठी. पैसे मिळतात ते घरी पुरेसे नाहीत म्हणून.

पुरावा समोरच आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीग गटात येतात, त्या गटातली आठही विद्यापीठं पदवीच्या विद्यार्थ्यांना गुणवत्तेसाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत, खेळाडूंनासुद्धा नाही. जे काही देतात ते गरज पाहून. वर नाव घेतलेल्या या तीनही विद्यापीठांत, आणि एमआयटी व अ‍ॅमहर्स्टमध्येही, परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याला पैसे लागणार आहेत की नाहीत हे निर्णयात धरत नाहीत, आणि प्रवेश दिला की तूट पूर्ण भरतात. या धोरणाला तिथे नीड-ब्लाइंड म्हणतात. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनी हेच धोरण परदेशी विद्यार्थ्यांना लागू केलं, २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राउननंही केलं. हार्वर्डनं २०२५ मध्ये जाहीर केलं की वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि फार मोठी मालमत्ता नसलेल्या घरांकडून काहीच घेणार नाही. डॉलर पंच्याऐंशी रुपयांना धरला तर ही मर्यादा ८५ लाखांची होते. म्हणजे पुण्यातला शिक्षक, नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि मंत्रालयातला कक्ष अधिकारी हे तिघंही त्यात सहज बसतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथे शिरकाव होणं म्हणजे लॉटरी. हार्वर्ड शंभर अर्जांमागे जेमतेम चार जणांना घेतं, एमआयटीत परदेशी अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण तर दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतं. त्यामुळे केवळ या नावांवर विसंबणं वेडेपणाच. पण यांच्यानंतर दुसरी, बरीच मोठी फळी आहे. परदेशी मुलाला घेताना ही कॉलेजं त्याची गरज विचारात घेतात, पण एकदा घेतलं की तूट पूर्ण भरतात. स्टॅनफर्ड, विल्यम्स, स्वार्थमोर अशी नावं त्यात आहेत. इथे आपले लोक एक चतुराई करतात आणि ती अंगाशी येते. गरज दाखवली तर प्रवेश जाईल, म्हणून आधी ‘मदत नको’ असं लिहायचं आणि आत गेल्यावर मागायची. पण यांपैकी अनेक कॉलेजांचा नियम स्पष्ट आहे: परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. म्हणजे दार उघडून घेण्यासाठी ज्या चावीचा वापर केला, तीच आतून कुलूप लावते. गरज दाखवल्यानं प्रवेश जाण्याचा धोका आहे, हे मी नाकारत नाही. पण परवडणार नाही अशा कॉलेजात प्रवेश मिळून काय करणार?

आता त्या मोहक पत्राकडे येऊ, ज्याच्यावर ‘अभिनंदन’ लिहिलेलं असतं. धरा, कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलर आहे आणि पत्रात ३५ हजार डॉलरची ‘डीन्स स्कॉलरशिप’ दिली आहे. घरात पेढे वाटले जातात, गल्लीत बॅनर लागतो. उरतात वर्षाला ५५ हजार डॉलर, म्हणजे पावणेसत्तेचाळीस लाख रुपये. चार वर्षांचे एक कोटी सत्त्याऐंशी लाख. त्यात फी दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्तीचा आकडा बहुधा तिथेच राहतो. असल्या शिष्यवृत्तीला मी सेलमधली सूट म्हणेन. कॉलेजला पूर्ण फी भरणारा परदेशी विद्यार्थी हवाच असतो, तो यावा म्हणून किंमत थोडी उतरवलेली असते. आणि परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणाऱ्या ऑफिसात याच कॉलेजांची माहितीपत्रकं का असतात, हेही समजून घ्यायला हवं. विद्यार्थी पाठवला की अनेक विद्यापीठं त्या ऑफिसला दलाली देतात. ज्या कॉलेजकडे एका जागेमागे वीस-पंचवीस अर्ज येतात, त्याला दलाली द्यायची गरज नाही, त्यामुळे त्याचं नाव त्या टेबलावर येत नाही. सल्लागार खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याच्या दुकानात जे आहे ते तो दाखवतो, एवढंच.

मग खरी मदत देणारं कॉलेज ओळखायचं कसं? त्यासाठी जाहिरात वाचू नका, आकडे वाचा. अमेरिकेतली अनेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक रूक्ष कागदपत्र प्रसिद्ध करतात. त्यात एच-६ नावाचा रकाना आहे. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली, प्रत्येकी सरासरी किती डॉलर दिले, हे तिथे छापलेलं असतं. सरासरी रक्कम एकूण खर्चाच्या जवळपास असेल, तर ते कॉलेज मोजक्या मुलांना घेतं पण पुरं पोसतं. सरासरी पंधरा-वीस हजारांवर असेल, तर ते अनेकांना थोडं थोडं वाटतं. तुमच्या घरात तीस लाखांचीही सोय नसेल तर दुसऱ्या प्रकारातल्या कॉलेजचा अर्ज भरण्यात अर्थ नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. याच शोधात आपल्याकडे कुणी न ऐकलेली नावं सापडतात. केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज घ्या. १८५५ साली स्थापन झालेलं हे कॉलेज १८९२ पासून शिक्षण शुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थी तिथे आठवड्याला किमान दहा तास काम करतो, आणि परदेशी विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्चही कॉलेज उचलतं. जागा मोजक्याच. पण बेरियाचं नाव नातेवाइकांना सांगून कॉलर ताठ होत नाही, म्हणून ते आपल्या याद्यांत नसतं.

गरजेवर पैसे मिळतात म्हटल्यावर गरज सिद्ध करणं आलं, आणि इथे आपल्या घरांची खरी परीक्षा होते. बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. दहा कॉलेजं केली की १६९ डॉलर, म्हणजे चौदा हजारांवर रुपये. (काही कॉलेजं विनंती केल्यावर शुल्कमाफीचा कोड देतात, काही परदेशी मुलांसाठी वेगळा विनाशुल्क फॉर्म घेतात. विचारायला लाजू नये.) त्या अर्जात आईवडिलांचा पगार, बँकेतली शिल्लक, घराची किंमत, कर्ज, भावंडांची फी, सगळं खोदून विचारलेलं असतं. फॉर्म १६ असलेल्या नोकरदाराला ते सोपं जातं. शेतकऱ्याला नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यानं अनेकदा रिटर्नच भरलेलं नसतं, आणि तहसीलदाराच्या दाखल्यावरचा आकडा इथल्या सवलतींच्या हिशेबानं काढलेला असतो. त्याच वर्षी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेला दाखवलेलं उत्पन्न वेगळंच. हे दोन कागद अमेरिकेतल्या एका टेबलावर शेजारी शेजारी पडले की अर्ज तिथेच बसतो. पुन्हा सातबारा. मुळशीत वडिलोपार्जित तीन एकर, सातबाऱ्यावर चुलत्यांसकट सात नावं, विकायची परवानगी कुणाचीच नाही, आणि बाजारभाव मात्र कोटीत. मदत ठरवणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून एक पानाचं साधं पत्र जोडावं: जमीन कुणाकुणाची, वर्षाला हाती काय येतं, ती विकता का येत नाही. रडगाणं नको, आकडे हवेत. आणि एकच आकडा सगळीकडे हवा, कारण पुढे व्हिसाच्या खिडकीतही हाच प्रश्न येतो: पैसे कोण भरणार?

शाळेच्या बाजूनंही आपण उघडे पडतो. ही कॉलेजं नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण, शिक्षकांची पत्रं आणि शाळेचा अहवाल मागतात. आपल्याकडे दहावीनंतर मूल ‘इंटिग्रेटेड’मध्ये जातं, ज्युनिअर कॉलेजात नाव फक्त पटावर असतं आणि दिवस क्लासमध्ये जातो. मग ज्या प्राध्यापकानं मुलाचा चेहरा प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पाहिला, तो त्याच्याबद्दल पानभर काय लिहिणार? टोरंटो विद्यापीठाची लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्ती चार वर्षांचं शिक्षण, पुस्तकं, राहणं, सगळं देते, पण तिच्यासाठी नाव शाळेनं सुचवावं लागतं, तुम्ही स्वतः नाही. अमेरिकेतल्या अर्जांची लवकरची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला संपते. बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्याला तोवर फार उशीर झालेला असतो. अकरावीतच दोन शिक्षकांनी मुलाला नीट ओळखावं, एवढी सोय घरच्यांनी करून ठेवावी.

मदत मिळाली तरी ती कुठवर आणि कशावर, हे पाहावंच लागतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. वाढवून मिळालेली मुदतही संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण त्यांना राहायला जागा मिळेना. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून टाकलेल्या शिलकीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राकडून उसन्या घेतलेल्या पैशांवर. शिष्यवृत्तीच्या कराराची मुदत आणि अभ्यासाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही खरं होतं. आजच्या पत्रात पाहायच्या बाबी वेगळ्या आहेत: मदत चारही वर्षं आहे का, ती टिकवायला किती गुण लागतात, विमानाचं तिकीट आणि आरोग्य विमा धरला आहे का. एक बाब कुणीच सांगत नाही. राहण्या-जेवणासाठी मिळालेली मदत अमेरिकेत करपात्र असते आणि एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या अशा रकमेतून सर्वसाधारणपणे १४ टक्के कर कापतात. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते आणि भार पुष्कळ हलका होतो, पण ती मागावी लागते.

काही जण म्हणतील, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, जर्मनी फुकट आहे. शिक्षण शुल्क बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, हे खरं. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं.) पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात, आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळणं कठीण. आपल्या सरकारच्या योजनांचंही असंच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज या मोलाच्या योजना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, बारावीच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे, पण ते देतं ते परत फेडायचं कर्ज.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात जड आहे: एवढं करून सगळीकडून नकार आला तर? येऊ शकतो. म्हणूनच ज्या वर्षी अमेरिकेचे अर्ज जातील, त्याच वर्षी इथल्या प्रवेशाची तयारीही सुटता कामा नये, आणि नकार आला म्हणून घर गहाण ठेवून अर्ध्या शिष्यवृत्तीच्या कॉलेजात जाऊ नये. विज्ञानाच्या किंवा गणिताच्या विद्यार्थ्यानं इथेच चांगली पदवी घ्यावी, एखाद्या प्रयोगशाळेत दोन उन्हाळे घालवावेत आणि मग थेट पीएचडीला अर्ज करावा. अमेरिकेतल्या अशा बहुतेक पीएचडींमध्ये शिक्षण शुल्क माफ असतं, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन मिळतं. तिथे विचारतात ते तुम्ही कुठलं काम केलंत आणि पुढे कुठलं करणार. वडिलांचा सातबारा तिथे कुणी मागत नाही.