जुन्या व्हिडिओ खेळांतील नाद आणि संगीत

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं दुपारीं वसतिगृहाच्या एका खोलींतून ‘टुंई-टुंई’ असा आवाज सारखा येत होता. एका मुलानें आपल्या वडिलांच्या लहानपणचें, दूरचित्रवाणीस जोडावयाचें खेळाचें यंत्र घरून आणलें होतें. आम्हीं दारांत उभे राहून रागानेंच म्हटलें, “ही कटकट आधीं बंद करा.” खेळ थांबला. परंतु तो मुलगा भीत भीत म्हणाला, “सर, एकदां डोळे मिटून ऐका. मी काय करतों आहें तें तुम्हांला नुसत्या आवाजावरून कळेल.” आम्हीं डोळे मिटले. आणि खरोखरच मारलेली उडी, मिळालेलें नाणें, चिरडलेला शत्रु हें सारें न पाहतां कळूं लागलें! ज्यास आम्ही कटकट समजलों ती एक भाषाच होती. तिचा थोडा अभ्यास आम्हीं पुढें केला. तो येथें सांगतों.

सन १९७२ मध्यें अमेरिकेंतील अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ निघाला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच त्याचा थाट. तो बनविणारे अभियंते अॅलन ऑल्कॉर्न यांजकडे वरिष्ठांनीं प्रेक्षकांच्या जयघोषाची मागणी केली. तसा घोष त्या साध्या यंत्रांतून काढणें सोपें नव्हतें. तेव्हां पडद्यावरील चित्र स्थिर ठेवण्यासाठीं जे विद्युत्संकेत यंत्रांत आधींच फिरत होते, त्यांतूनच त्यांनीं चेंडू आदळल्याचा छोटासा नाद काढला. घरांत जें आहे त्यांतच भागविण्याचा हा प्रकार होय.

सन १९७८ मध्यें जपानांत तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. पडद्यावर ५५ परग्रहवासी शत्रु हळूहळू खालीं उतरत येतात आणि त्यांच्या पावलांबरोबर चार खर्जाचे स्वर पुनः पुनः वाजतात. शत्रु कमी होत गेले कीं यंत्राचें चित्रें काढण्याचें काम हलकें होई आणि उरलेले शत्रु अधिक वेगानें धांवूं लागत. निशिकादो यांनीं हा दोष न मानतां खेळाचा गुण म्हणून राहूं दिला. त्याबरोबर ते चार स्वरही जलद होत, आणि खेळणाराच्या छातींतील ठोकेही! अवघ्या चार स्वरांनीं माणसाच्या मनांत भीति उभी करावी, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां आमच्या वसतिगृहांतील खेळाकडे वळूं. तो होता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९८३ मध्यें ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र काढलें आणि १९८५ मध्यें त्यासाठीं हा खेळ प्रसिद्ध केला. त्या यंत्रांत आवाजाच्या अवघ्या पांच वाहिन्या होत्या. पहिल्या दोन वाहिन्या चौकोनी तरंगांच्या. त्यांवर मुख्य सूर आणि त्याचा जोडसूर वाजे. तिसरी त्रिकोणी तरंगाची. ती बहुधा खर्जाचें काम करी. ती एकतर वाजे, नाहीं तर गप्प राही. तिचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. चौथींतून नुसता ‘खस्स’ असा गोंगाट निघे. त्याचे तुकडे पाडून तालवाद्याचा भास करीत. पांचवी वाहिनी मुद्रित ध्वनीचे लहान तुकडे वाजवी. सुरांच्या प्रत्येक वाहिनीवर एका वेळीं एकच स्वर निघे.

या खेळाचे संगीतकार कोजी कोंदो. त्यांची अडचण आणखी एक होती. खेळांतील चित्रें, नियम, नाद आणि गाणीं हें सर्व मिळून अवघ्या ४० किलोबाइट जागेंत बसवावयाचें होतें. आजच्या फोननें काढलेलें एक छायाचित्रही याच्या अनेक पट जागा घेतें. शिवाय उडीचा किंवा नाण्याचा नाद काढावयाचा, तर त्यासाठीं वेगळी वाहिनी कोठून आणावी? ती गाण्यांतूनच उसनी घ्यावी लागे. म्हणजे मारिओनें उडी मारली कीं गाण्यांतील एक सूर क्षणभर गळे. परंतु ऐकणारास तें सहसा जाणवत नाहीं. कारण राहिलेला सूर आपला कानच भरून काढतो. वेळेचा आंकडा १०० च्या खालीं गेला कीं तेंच गाणें द्रुत लयींत सुरू होतें, आणि “त्वरा कर” हें शब्दावांचून समजतें. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०२३ मध्यें या गाण्याचा समावेश जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचींत केला. व्हिडिओ खेळाच्या संगीतास हा मान प्रथमच मिळाला.

येथें पालकांस एक विनंति करावीशी वाटते. १९९० नंतरच्या दशकांत अशीं यंत्रें आपल्याकडील पुष्कळ घरांत होतीं, आणि तुमच्यापैकीं कित्येकांनीं तीं खेळलींही असतील. अभ्यास सोडून खेळत बसावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु एखादे दिवशीं मुलांजवळ बसून तें गाणें ऐकावें. प्रथम फक्त खर्जाचा सूर कानानें धरावा, मग जोडसूर, मग ताल. आणि उडीच्या वेळीं कोणता सूर गळतो तें शोधावें. कानास याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्ही वर्गांत वारंवार सांगतों. मोजक्याच अंथरुणावरही किती ऐसपैस निजतां येतें, हें मात्र या संगीतकारांनीं दाखविलें. आणि न ऐकतांच एखाद्या गोष्टीस कटकट म्हणूं नये, हें आम्हांस आमच्याच विद्यार्थ्यानें शिकविलें. त्याचे आम्ही ऋणी आहों.