आधी रिसेप्टर, मग यादी

चि. मुक्ता,

स्वायत्त मज्जासंस्थेवरच्या औषधांच्या याद्या तू घोकायला घेतल्यास. घोक, पण प्रत्येक नावापाशी आधी एवढंच विचार: हे कोणत्या रिसेप्टरवर काम करतं आणि तो रिसेप्टर शरीरात कुठेकुठे आहे? कोकणातला लाल विंचू घे. त्याचं विष चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, म्हणून सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक दोन्ही एकदम खवळतात. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम. मग हातपाय गार, रक्तदाब चढलेला, शेवटी फुप्फुसांत पाणी. लाळ-घाम पाहून ॲट्रोपिनकडे हात जातो. कीटकनाशकाच्या विषबाधेत ते जीव वाचवतंही, पण इथे हृदयावरचा व्हेगसचा लगाम काढून घेतं. बीटा-ब्लॉकर दिलं, तर रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर मोकळेच राहतात आणि दमलेल्या हृदयाचा जोर मात्र घटतो. उरतं अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते वापरलं आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. दुष्परिणामही त्याच उत्तरातून निघतो: रुग्णाला एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून त्याला आडवंच ठेवायचं.

तू म्हणशील, परीक्षेत यादीच विचारतात. विचारू देत, कारण कळलेली यादी विसरली तरी पुन्हा मांडता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तर्कही फसतो. घामाच्या ग्रंथींकडे जाणारी चेता सिंपथेटिक, पण तिथे ॲसिटिलकोलिन स्रवतं. त्याहून मोठा फटका हृदय निकामी होण्याच्या आजारात बसला. कमजोर हृदयाला बीटा-ब्लॉकर देऊ नये, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं आणि तर्काला ते पटतही होतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, की स्थिर रुग्णांना ती अगदी कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत दिली तर मृत्यू घटतात. सततचा सिंपथेटिक मारा हृदयालाच झिजवतो, ही बाब जुन्या तर्कात पुरेशी धरलेलीच नव्हती. तेव्हा अंदाज रिसेप्टरवरून बांध, पण रुग्णांवरच्या चाचणीने उलट सांगितलं तर तो मुकाट्याने सोड.

आता एक काम. काचबिंदूसाठी टिमोलॉलचा एक थेंब डोळ्यात घातल्यावर दमेकऱ्याला धाप का लागू शकते, हे पुस्तक न उघडता लिहून पाठव.

तुझा,
काका