फितीनें मेंढीचें वजन

मेंढीचें वजन ठाऊक नसलें, तर विक्रींत नुकसान होतें. आणि जंतांचें औषध कमी पडल्यास उरलेले जंत पुढें त्या औषधास दाद देईनातसे होतात. कांटा नसेल तेथें फीत घ्यावी.

सकाळीं चारण्यापूर्वीं मेंढी सपाट जागीं सरळ उभी करावी. लोकर बाजूस सारून पुढच्या पायांच्या लगत मागें छातीचा घेर घ्यावा. मग खांद्याच्या पुढल्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. मापें सेंटिमीटरांत घ्यावीं.

घेरास घेरानें व मग लांबीनें गुणून १०,८४० नें भागावें. उत्तर किलोग्रॅमांत येतें. घेर ७० व लांबी ६० असल्यास वजन सुमारें २७ किलोग्रॅम होय.

गाभण मेंढीस हा हिशेब लागू पडत नाहीं. इतर मेंढ्यांचाही हा अंदाजच होय; तरी सौद्याच्या वेळीं केवळ दुसऱ्याच्या नजरेवर विसंबावें लागत नाहीं.