सेवेची रीत

गावाच्या मध्यभागी मारुतीचे देऊळ, देवळापुढे वड किंवा पिंपळ आणि त्याच्या बुंध्याभोवती दगडी पार, ही महाराष्ट्रातील अनेक खेड्यांची जुनी ठेवण आहे. दिवस कलला की वडीलधारी मंडळी पारावर येऊन बसत. पाऊसपाणी, बाजारभाव, लेकीबाळींची लग्ने, बांधावरचे तंटे अशा सर्व गोष्टींचा तेथे विचार होई. वृद्ध स्त्रियांची बैठक पारावर नसे. ती घराच्या ओसरीवर भरे. परंतु पार असो वा ओसरी, तेथे बसलेल्या माणसाचे मत कोणीतरी विचारी. आपली अजून कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव त्याला तेथे मिळत असे.

शहरांत पार उरले नाहीत. त्यांची जागा काही प्रमाणात विरंगुळा केंद्रांनी घेतली आहे. एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात, समाजमंदिरात किंवा महानगरपालिकेच्या इमारतीत ही केंद्रे चालतात. अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ त्यांची व्यवस्था पाहतात. तेथे वर्तमानपत्रे असतात, कॅरमचा फळा व बुद्धिबळाचा पट असतो. कोठे हरिपाठ होतो, कोठे व्याख्यान, तर कोठे रक्तदाबाची तपासणी. यातील बरेचसे काम स्वयंसेवक, म्हणजे वेतन न घेता स्वखुशीने राबणारी माणसे करतात.

अशा केंद्रांची गरज आजच का भासावी? देशाला स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. याचा अर्थ सर्वच माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नव्हे. असंख्य बालके लहानपणीच दगावत, त्यामुळे सरासरी इतकी खाली येई. लसी, औषधे, स्वच्छ पाणी व पुरेसे अन्न यांच्या योगाने आज हे आयुर्मान सुमारे ७० वर्षांपर्यंत वाढले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक होती. आयुष्य वाढले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याच काळात एकत्र कुटुंबे विरळ झाली आणि मुलेबाळे नोकरीनिमित्त दूर गेली. आयुष्याला जी वर्षे अधिक मिळाली, ती कोणाच्या सोबतीने घालवावी, हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा राहिला.

या कामी अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी काय करावे, असे कोणी विचारील. औषधोपचार करणे किंवा पैसा देणे हे मुलांचे काम नव्हे. परंतु वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविणे, पत्र किंवा अर्ज लिहून देणे, चष्मा शोधून देणे, कॅरमच्या डावात चौथा गडी होणे, ही कामे मुलांना सहज जमतात. मोबाइल वापरण्यात तर मुले वडीलधाऱ्यांचे शिक्षकच होऊ शकतात. मात्र शिकविताना त्यांच्या हातातील फोन ओढून घेऊन स्वतःच काम उरकू नये. फोन त्यांच्याच हाती राहू द्यावा आणि त्यांनाच कळ दाबू द्यावी. एरवी शिकणे होतच नाही. बँकेचे नाव सांगून कोणी फोनवर ओटीपी विचारला, तर तो कदापि सांगू नये, हेही त्यांच्या ध्यानी आणून द्यावे. स्वयंसेवकानेही तो पाहू नये किंवा विचारू नये.

सेवेची इच्छा असणे पुरेसे नाही; तिची रीतही ठाऊक असावी लागते. वयोमानाने श्रवणशक्ती कमी होऊ लागते, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून किंचाळून बोलल्याने काम होत नाही. समोर येऊन, आपले तोंड त्यांना दिसेल असे उभे राहून, सावकाश व स्पष्ट बोलावे. वाचण्यासाठी वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक उजेड लागतो. त्यांची खुर्ची खिडकीजवळ ठेवावी. ओली फरशी व वाटेत पडलेली पादत्राणे त्यांच्या पडण्याला कारण होतात; ती वेळीच दूर करावी. दृष्टी मंद झालेल्या व्यक्तीला वाट दाखविताना तिचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, तिला तो धरू द्यावा आणि पाऊलभर पुढे चालावे. मुख्य म्हणजे, कोणतेही साहाय्य करण्यापूर्वी, “मी मदत करू का?” असे विचारावे. न विचारता केलेली मदत समोरच्या माणसाला अधिक दुबळे करते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९० साली घेतलेल्या निर्णयानुसार १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी फुले द्यावीत, गाणी म्हणावीत, यात वावगे काही नाही. परंतु २ ऑक्टोबरला कोण येणार? वर्षातून एक दिवस शंभर मुले आली, तर केंद्रात गर्दी होते. दर शनिवारी दोनच मुले आली, तर सोबत होते. “पुढल्या शनिवारी येतो,” असे सांगून गेलेल्या मुलाची वाट पाहण्यात एखाद्याचा सारा आठवडा जातो, आणि तो मुलगा आला नाही, म्हणजे तो माणूस बोलून दाखवीत नसला तरी मनातून हिरमुसतो. म्हणून जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे आणि दिलेले मात्र कसोशीने पाळावे. आजारपणामुळे जाणे अशक्य झाले, तर निरोप तरी पाठवावा.

या सेवेत देणारा एक आणि घेणारा दुसरा, असा सरळ भेद नसतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील वृद्ध स्त्रियांना लहानपणी शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. धार्मिक ग्रंथ आपल्यालाही वाचता यावेत, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी गावात ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढल्या आज्या गुलाबी लुगड्यांचा गणवेश नेसून आणि पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. घरी त्यांचा अभ्यास घेण्याचे काम नातवंडांकडे आले. अंगठा उठविणारे हात स्वतःचे नाव लिहू लागले. ज्या आजीने नातवाला बोलायला शिकविले, तिला नातवाने अक्षर शिकविले. या घरांत उपकार कोणी कोणावर केला, हे सांगता येईल काय?

वृद्धांपाशीही देण्यासारखे पुष्कळ असते. जात्यावरच्या ओव्या, घरगुती पदार्थांच्या जुन्या कृती, गावात वीज प्रथम आली तो दिवस, १९७२ च्या दुष्काळातील हाल हे कित्येकांच्या केवळ स्मरणात आहे. ते ऐकून कोणी वहीत उतरवून ठेवले नाही, तर त्या माणसाबरोबर तेही नाहीसे होईल. म्हणून केंद्रात जाताना मुलांनी कोरी वही बरोबर न्यावी आणि आधी प्रश्न विचारावा. प्रश्न विचारला की समोरच्या माणसाला कळते, आपल्यापाशी सांगण्यासारखे काही आहे आणि ते ऐकणारा कोणी आहे. पारावर बसणाऱ्याला जे मिळत होते, ते हेच.

शेजारच्या गल्लीत असे केंद्र नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. प्रत्येक आळीत, प्रत्येक इमारतीत एकटे राहणारे एखादे आजोबा किंवा आजी असतातच. घरच्या मोठ्या माणसांना विचारून त्यांच्याकडे आठवड्यातून एक तास जावे. सेवेचा आरंभ तेथूनही होतो.

स्वाध्याय

१. भारतीयांचे आयुर्मान वाढण्याची कारणे कोणती?
२. “न विचारता केलेली मदत समोरच्या माणसाला अधिक दुबळे करते.” हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. ‘गर्दी’ आणि ‘सोबत’ या दोन शब्दांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
४. वाक्यात उपयोग करा : मनावर घेणे, कसोशीने पाळणे, हिरमुसणे.
५. आपल्या परिसरातील एका वृद्ध व्यक्तीची एखादी आठवण ऐकून ती तिच्याच शब्दांत लिहून काढा व तिला वाचून दाखवा.